हरिपाठाचा अलार्म

आज संध्याकाळी पावणेसातला भाजीच्या गाडीपाशी फोन वाजला. नवीन फोनमध्ये जुन्या बॅकअपमधलं सगळं आपोआप आलं त्यात मी कधीच काढून टाकलेला तो अलार्मही आला, नाव नुसतं "हरिपाठ". मी घाईघाईने बंद केला. भाजीवाले मामा म्हणाले, घ्या की ताई, असेल कुणाचा तरी महत्त्वाचा, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, कोथिंबीर न घेताच घरी आले.

एवढंच झालं. पण दोन तास झाले, डोक्यातून जात नाहीये.

तो अलार्म २०२० चा. मार्चमध्ये पंढरपूरचं मंदिर बंद झालं आणि आमच्या दिंडीतल्यांनी रोज संध्याकाळी फोनवर एकत्र हरिपाठ म्हणायचं ठरवलं. कुणाचा आवाज मागे राहायचा, कुणाच्या घरात कुकर वाजायचा, टाळ तर एकाचाही दुसऱ्याशी जुळेना. शेवटी अण्णा म्हणाले, एकाने म्हणा आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून आपापल्या घरात म्हणा. मग आई, अण्णा आणि मी, आम्ही तिघं देवघरासमोर, सत्तावीस अभंग. त्याआधी मला धड पाचही येत नव्हते, जूनपर्यंत सगळे पाठ झाले. पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहायचं सांगितलंय, आणि दारच बंद, तिथे आलं की रोज माझा गळा भरून यायचा. खरं सांगते, विठोबा तेव्हा जितका जवळ वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता.

मग आता का नाही?

त्या वर्षी १३ जूनला आळंदीत माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं आणि पादुका तिथेच थांबल्या. दशमीला, ३० जूनला, एसटीतून पंढरपूरला निघाल्या, बसमध्ये फक्त वीस माणसं. अण्णांची माळ घातल्यापासून एक वारी चुकली नव्हती. पहाटेच आंघोळ करून, धोतर नेसून, गंध लावून टीव्हीसमोर बसले होते. फुलांनी सजवलेली बस दिसली तशी उठून उभे राहिले. बुक्क्याची पितळी डबी आणली, पण आत काही उरलंच नव्हतं, बुक्का दरवर्षी पंढरपूरहून यायचा आणि वारीच नाही तर बुक्का कुठला. त्यांनी करंगळीच्या नखाने कडा खरवडल्या, आधी आईला लावला, मग मला, आणि स्वतःच्या कपाळाला बोट टेकवलं तेव्हा बोटावर काहीही नव्हतं. तरी टेकवलं, आणि जरा वेळ तसंच ठेवलं.

पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिरं उघडली. मी म्हटलं जाऊया. पण लांबून नुसतं मुखदर्शन होतं, आणि अण्णांचं म्हणणं, पायावर डोकं ठेवता येईल तेव्हाच जायचं, इतकी वर्षं गेलो तसंच.

पुढच्या एप्रिलबद्दल नाही लिहीत.

पायांवरचं दर्शन २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झालं, २ एप्रिलला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी एकटीच गेले. रांगेत चार तास उभी होते, मनात सगळं ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. डोकं ठेवलं, कपाळाला गार लागलं, रांग पुढे सरकली. बस. बाहेर येऊन चंद्रभागेच्या वाळवंटात बसले तर रडूही येईना. त्या दिवसापासून हरिपाठ सुटलाच. ठरवून नाही सोडला, एक दिवस राहिला, मग दुसरा, मग अलार्म काढून टाकला.

मला हेच टोचतंय. दार बंद होतं तेव्हा रोज उभी राहिले आणि उघडल्यावर पाठ फिरवली. भक्ती नव्हतीच का ती, नुसती भीती होती? अण्णांना काही होऊ नये म्हणून घातलेलं साकडं होतं, आणि ते ऐकलं गेलं नाही म्हणून मी रुसून बसले? तसं असेल तर इतकी वर्षं मी विठोबाशी बोलत नाहीये आणि मलाच ते माहीत नव्हतं. दादाला यातलं काही सांगता येत नाही, त्याचं वेगळंच आहे.

जेवताना आईला अलार्मचं सांगितलं. ती म्हणाली, अगं मग माझ्या फोनवर लावून दे की, मला जमत नाही ते, माझी वेळ रोज मागेपुढे होते.

"तू अजून म्हणतेस?"

"म्हणते की. कणीक मळताना."

तेवढ्या वेळात मी बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसलेली असते. इतकी वर्षं ती भिंतीपलीकडे सत्तावीस अभंग म्हणतीये आणि मला वाटत होतं ती काहीतरी गुणगुणते. वाईट वाटायला हवं होतं, पण खूप हलकं वाटलं. म्हणजे घरातलं काही तुटलेलं नाहीये. मी रुसले असेन तर असेन, रुसायला तरी समोर कुणीतरी लागतंच ना.

अलार्म तिच्या फोनवर लावला, माझ्यावर परत नाही लावला. वारी आठवड्यावर आलीये, आईला यंदा पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला रिंगण बघायला जायचंय. मी म्हटलं मी येते. पुढे मंदिरापर्यंत येईन का ते नाही बोलले आणि तिनेही विचारलं नाही. डबी घ्यायची मात्र आठवण करून दिली तिने, ती मी आत्ताच धुऊन, पुसून पिशवीत टाकली.