देवघेवीच्या आकड्यांपलीकडे

ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात पुस्तकांची देवघेव, सभासदसंख्या आणि ग्रंथखरेदी यांचे आकडे असतात; परंतु आलेल्या वाचकाला हवे ते मिळाले का, याचे उत्तर त्यात नसते, हे आज कोल्हापुरात ग्रंथालय सेवांच्या मूल्यमापनाच्या संशोधनपद्धती शिकताना फार नेमकेपणाने समजले. ग्रंथालय सेवेचा दर्जा वाचकांनाच विचारून मोजणाऱ्या, २००० साली सुरू झालेल्या लिबक्वाल सर्वेक्षणात २२ मुख्य विधाने असून प्रत्येकासाठी वाचक १ ते ९ या श्रेणीत तीन गुण देतो: किमान किती सेवा चालेल, किती हवी आणि प्रत्यक्षात किती मिळते. मिळणाऱ्या सेवेच्या गुणांतून किमान अपेक्षेचे गुण वजा केल्यावर उत्तर ऋण आले, तर तिथे ग्रंथालय कमी पडते आहे. वाचकालाच मोजपट्टी ठरवू देणारी ही पद्धत मला मनापासून पटली.

मात्र प्रश्नावली भरणारा बहुधा ग्रंथालयात येणाराच असतो. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची वाचनपरंपरा असलेल्या या शहरात, येणे थांबलेल्या सभासदांना गाठून मुलाखती घेतल्याशिवाय कोणतेही मूल्यमापन पुरे मानू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या मुलाखतींचा आराखडा आज लिहायला घेतला असून पहिला प्रश्न असा आहे: शेवटच्या भेटीत आपण कोणते पुस्तक शोधत होता, आणि ते मिळाले का?