७५ हर्ट्झचा खड्डा सापडला, आणि पांढऱ्या जोडीची माफी

मंडळी, घरी पांढरी, छोटी आणि लाकडी अशा तीन पॉवर्ड (आतच ॲम्प असलेल्या) वायरलेस स्पीकरच्या जोड्या ऐकून बघतेय. मागच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की पांढरी जोडी परत केली, तिचा बास पातळ आहे, आता निवड फक्त छोटी आणि लाकडी यांच्यात उरलीय. ते सगळं मागे घेतेय. पांढऱ्या जोडीत काहीच खोट नव्हती, खोट माझ्या मांडणीत होती, आणि ती जोडी मी उगाच परत पाठवली याचं मला खरंच वाईट वाटतंय. काल रात्री कारण सापडलं, पहाटेपर्यंत मोजत बसले होते, आता डोक्यात ताजं आहे तोवर सगळं लिहून काढते.

तक्रार काय होती ते आठवा. बास गिटारवर एखादी ओळ खालून वर चढत जाते ना, त्यात ए हा सूर म्हणजे ५५ हर्ट्झ (सेकंदाला ५५ कंपनं) एकदम भरीव, जी म्हणजे ९८ तीही भरीव, पण मधली मोकळी डी तार, ७३ च्या आसपासची, ती आली की वाजवणाऱ्याने हातच उचलला असं वाटायचं. एकच सूर जायचा. डग्ग्याची मींड खाली उतरताना घुमारा मधेच विरायचा आणि पुन्हा यायचा. पांढऱ्यावर हे सगळ्यात जास्त जाणवलं म्हणून मी तिला दोष दिला. छोटीवर म्हटलं साडेचार इंची वूफर (बास वाजवणारा शंकू) आहे, एवढंच होणार. लाकडीवर बाकीचा बास इतका गुबगुबीत की त्यात ते भोक झाकलं जायचं, आणि मी तिच्याच बाजूला झुकत चालले होते.

मग माईक आला. यूमिक-१ हा मोजणीचा माईक घेतला, सिरीयल नंबर टाकून त्याची कॅलिब्रेशन फाइल उतरवली, आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर तर फुकटच आहे. माझं आता ठाम मत आहे की तिसरी जोडी मागवण्याआधी माईक घ्यावा, मी उलट क्रमाने गेले. स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा चाचणीचा सूर, मुद्दाम लॅपटॉपमधून ऑक्स इनपुटला दिला, वायफायचा उशीर आणि ॲपचा व्हॉल्यूम मध्ये नकोत म्हणून. छोटीचा ग्राफ आला आणि ७५ वर १४ डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) खड्डा, म्हणजे तिथे आवाज तेवढा कमी. विहीरच म्हणा. म्हटलं चला, छोटीची मर्यादा कळली. लाकडी लावली, ७५ वर १५ डीबी. इथे पहिल्यांदा शंका आली. माळ्यावरची जुनी पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेली) जोडी काढली, तिचा वेगळा ॲम्प जोडला, त्याच स्टँडवर ठेवली. ७५ वर १३ डीबी. तीन वेगळ्या डिझाइनचे स्पीकर एकाच जागी एकच सूर कसा गाळतील? म्हणजे पांढरीही तिथेच गाळत होती आणि तिला मोजायची संधी मी घालवून बसले होते.

यानंतरचे चार दिवस मी ईक्यूमध्ये (ठराविक सूर वाढवायची-कापायची सोय) वाया घालवले, ते सविस्तर सांगते कारण इथे बरेच जण हेच करताना दिसतात. ७५ वर ९ डीबी बूस्ट दिला. ९ डीबी म्हणजे ॲम्पकडून तिथे आठपट पॉवर मागणं. खड्डा भरला किती, तर जेमतेम दीड डीबी. छोटीच्या पोर्टमधून (पेटीला बाससाठी ठेवलेलं भोक) फसफस ऐकू यायला लागली, आवाज थोडा वाढवला की लिमिटर (स्पीकर वाचवायला आवाज दाबणारा) लागायचा आणि अख्खं गाणं दबायचं. कारण समजल्यावर साधं वाटतं. सरळ येणारा आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकमेकांना खोडतायत, बूस्ट दिला की दोन्ही सारखेच वाढतात, म्हणून बहुतेक जोर खोडण्यातच वाया जातो, आणि खड्डा भरण्याइतका जोर देण्याआधीच पोर्ट आणि लिमिटर हात टेकतात. असा खोल खड्डा ईक्यूने नीट भरत नाही, उंचवटा मात्र कापता येतो. हे मी वाचलेलं होतं, तरी चार दिवस लागले हे मान्य करायला.

आता खरी गंमत. काल वैतागून आरईडब्ल्यूच्या जनरेटरमधून ७५ हर्ट्झचा सरळ साइन टोन लावला, खुर्चीत बसून स्टँड इंच इंच फिरवायला कुणी मदतीला नाही म्हणून नुसती ऐकत बसले. जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पाणी प्यायला उठले आणि मागच्या भिंतीकडे वळले तर आवाज वाढत गेला, भिंतीला टेकले तर छातीत घुमायला लागला! परत खुर्चीकडे आले, गेला. पुढे खोलीच्या मध्यावर गेले, पुन्हा आला. मग टेप काढली. खोलीची लांबी ४.६० मीटर. मागच्या भिंतीपासून माझ्या कानापर्यंत १.१५ मीटर. स्पीकरच्या तोंडापासून पुढच्या भिंतीपर्यंतही (स्पीकरच्या पाठीमागची) १.१५. चारने भागा ४.६० ला.

म्हणजे खोली लांबीत चार सारख्या भागांत कापली, तर पहिल्या कापावर स्पीकर आणि तिसऱ्या कापावर मी. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला ४.६० ने भागलं की ७४.६ हर्ट्झ येतं, म्हणजे या सुराची एक पूर्ण लाट माझ्या खोलीत बरोब्बर मावते. खोलीच्या लांबीचा हा दुसरा मोड, म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारी लाट. त्यात दोन्ही भिंतींपाशी आणि मध्यावर दाब जास्तीत जास्त, आणि पाव अन् पाऊण लांबीवर शून्याजवळ. तिथे बसलं तर तो ऐकू येत नाही आणि तिथे स्पीकर ठेवला तर तो मोड नीट जागाही होत नाही. मी दोन्ही केलं होतं. भिंतीच्या बाजूने बघितलं तरी हाच हिशेब, स्पीकरमधून मागे गेलेली लाट १.१५ जाते, १.१५ परत येते, एकूण २.३० म्हणजे बरोब्बर अर्धी लाट, त्यामुळे ती उलटी होऊन सरळ लाटेवर येते. स्पीकर भिंतीपासून लांब ओढा, मग स्टेज (समोर वाद्यं मांडल्याचा भास) खोल वाटतो, हा सल्ला मी मन लावून पाळला होता. स्टेज खरंच खोल वाटत होता. त्या खोलपणासोबत डी तार गेली.

रात्री एक वाजता स्टँड मागे सरकवले, स्पीकरचं तोंड भिंतीपासून ४५ सेंटिमीटर. स्वीप. खड्डा १४ वरून ८ वर आला. अर्धवट. क्षणभर काळजात धस्स झालं, म्हटलं हिशेबच चुकला की काय. मग लक्षात आलं की मी तर अजून तिथेच बसलेय. खुर्ची ४० सेंटिमीटर पुढे घेतली, कान आता मागच्या भिंतीपासून १.५५ वर, म्हणजे साधारण लांबीच्या एक तृतीयांशावर. स्वीप. ३ डीबी. दोन्ही टोकं सुटली तेव्हाच गाठ सुटली. तीच बास गिटारची ओळ लावली, डी आली, पूर्ण आली, आणि मी तो तुकडा किती वेळा ऐकला ते सांगत नाही.

फुकट काही मिळत नाही. एक तृतीयांशावर लांबीचा तिसरा मोड जोरात लागतो, ११२ वर ७ डीबीचा उंचवटा उगवला. पण तो उंचवटा आहे! ११२ वर ६ डीबी कट, क्यू (कट किती अरुंद ते) ५ च्या आसपास, संपला विषय. भिंतीजवळ आल्यामुळे नवा छोटा खड्डा १९० ला पडलाय, ५ डीबीचा, त्याचाही हिशेब बसतो (४५ सेंटिमीटरची चौपट १.८ मीटर, ३४३ ला त्याने भागा). त्यासाठी स्पीकरच्या मागे दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीचं, आवाज शोषणारं रॉकवूल पॅनेल लावून बघणार आहे. १९० ला जाड पॅनेलचा काहीतरी उपयोग होतो, ७५ ला एवढ्याने काही झालं नसतं.

सबवूफर घ्यायचा विचार होता तो रद्द. बरं झालं घेतला नाही, खुर्ची पाऊण लांबीवरच राहिली असती तर कोपऱ्यातल्या सबनेही ती जागा फारशी भरली नसती.

आता तुलनांबद्दल. तुमच्यापैकी दोघांनी विचारलं होतं की लेव्हल मॅच, म्हणजे सगळ्या जोड्यांची पातळी सारखी, केली होती का. नव्हती केली, बरोबर पकडलंत. तिन्ही ॲपमध्ये व्हॉल्यूम ४० ठेवून मी तुलना करत होते, आणि ४० चा अर्थ प्रत्येक ॲपमध्ये वेगळा निघाला. पिंक नॉइज (चाचणीचा खळखळाट) लावून खुर्चीवर मोजलं तर लाकडी छोटीपेक्षा अडीच डीबी मोठी वाजत होती. एवढ्या फरकाला कानाला मोठं ते चांगलंच वाटतं, मोठं आहे हे पटकन लक्षातही येत नाही. आता प्रत्येक जोडीचा आकडा वहीत लिहून ठेवलाय, फरक अर्ध्या डीबीच्या आत.

शिवाय पांढरीला पहिले चार दिवस मी ब्लूटूथवर ऐकलं होतं, कारण तिचं सेटअप ॲप माझ्या राउटरशी जमवूनच घेत नव्हतं. ब्लूटूथवर आवाज आकसून पाठवायच्या पद्धती असतात, साधा एसबीसी बहुतेक वेळा ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जातो, एलडॅक फार तर ९९०, आणि सीडीचा कच्चा डेटा १४११. बाकीच्या दोन जोड्या वायफायवर लॉसलेस (काहीही न गाळलेला आवाज) घेत होत्या. हीसुद्धा पांढरीवर झालेली अन्यायाची गोष्टच. ब्लूटूथ वाईट असं नाही, पाहुण्यांच्या फोनसाठी मस्त, पण तुलना करायची तर सगळ्यांना एकाच वाटेने पाणी द्या. आता लॉसलेस मिळणं अवघडही राहिलेलं नाही, ॲपल म्युझिकने २०२१ मध्येच दिलं, स्पॉटिफायनेही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुरू केलं.

वायफाय मधेमधे तुटायचं ते मात्र एका केबलने बरं झालं. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ आणि ११ आलटून पालटून बघितले, ११ वर बरं चालायचं पण संध्याकाळी पुन्हा अडखळायचं, शेवटी राउटरपासून मुख्य स्पीकरपर्यंत इथरनेट टाकली. त्या दिवसापासून एकदाही थांबलं नाही. पॉवर्ड वायरलेस म्हणून आपण घेतो आणि पॉवरची वायर तर लागतेच, मग अजून एक केबल जाऊ द्या, असं माझं आता मत झालंय. दोन स्पीकरमधल्या दुव्याचंही तेच, केईएफ या स्पीकर कंपनीचे आकडे बघा (बिट/किलोहर्ट्झ, मोठा आकडा म्हणजे जास्त डेटा), एलएस५० वायरलेस २ मध्ये केबल जोडली तर २४/१९२ आणि वायरलेस ठेवलं तर २४/९६, एलएसएक्स २ मध्ये केबलने २४/९६ आणि वायरलेस २४/४८. कानाला फरक कळो न कळो, हे आकडे स्वच्छ लिहून देणारे मेकर मला आवडतात. लाकडीच्या मॅन्युअलमध्ये क्रॉसओव्हर (बास आणि वरचे सूर वेगळे होतात ती जागा) कितीवर आहे तेसुद्धा दिलेलं नाही.

इथपर्यंत लिहिताना माझा निर्णय लाकडी असाच होता. पण थांबा, हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय. लाकडी मागे पोर्टवाली आहे आणि एकाच बॉक्समध्ये ॲम्प, दुसऱ्याला साधी स्पीकर वायर, आत पॅसिव्ह क्रॉसओव्हर. भिंतीपासून लांब होती तेव्हा तिचा फुगलेला बास उपयोगी पडत होता, आता भिंतीजवळ आल्यावर तो अजून फुगणार. कालचा ग्राफ परत उघडला, आहेच, १०० च्या खाली सगळं ४ ते ५ डीबी वर. पांढरी तर सीलबंद होती! पोर्ट नाही, प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प, क्रॉसओव्हर डीएसपीमध्ये (आतल्या डिजिटल चिपमध्ये). सीलबंद पेटीचा बास खाली दर ऑक्टेव्हला (सप्तकाला) १२ डीबीने हळूहळू उतरतो, पोर्टवाल्याचा पोर्ट ज्या सुराला जुळवलाय त्याच्या खाली २४ ने कोसळतो, आणि भिंत खालच्या सुरांना जो टेकू देते तो त्या हळू उताराला नेमका पूरक. म्हणजे मी जिला पातळ म्हणून परत केलं ती या नव्या जागेसाठीच बनवल्यासारखी आहे. आणि तिच्यात वॉल मोडचं (भिंतीजवळ ठेवल्यावर बास आवरायचं) सेटिंगही होतं, जे मी कधी उघडूनच बघितलं नाही.

छोटी राहणार, तिला अभ्यासाच्या टेबलावर जागा आहे आणि गळा ती इतका जिवंत दाखवते की तिला सोडवत नाही. लाकडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना आज मेल टाकलाय, परत करायची मुदत अजून आहे. पांढरी पुन्हा मागवतेय, या वेळी ईथरनेटने जोडणार, म्हणजे त्या ॲपच्या वायफायच्या भानगडीत पडायचंच नाही. फरशीवर स्टँडच्या पायांभोवती आणि खुर्चीच्या पुढच्या पायांपाशी टेप चिकटवून ठेवलीय, झाडलोट करताना कुणी हलवलं तरी जागा सापडावी म्हणून. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही असे स्वीप घेईन, त्यानंतर पॅनेल लावून पुन्हा तेच तीन. ज्यांच्याकडे सीलबंद जोडी भिंतीजवळ आहे त्यांनी तेवढं सांगा, स्पीकरचं तोंड भिंतीपासून किती अंतरावर ठेवलंय आणि वॉल मोड लावून ऐकता की ईक्यूनेच कापता?