यंदा काय केलंत?

चवथीच्या आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळांची आरास, बांधताना गोव्यातल्या आमच्या माशेलच्या घरात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला सगळ्यांना: कांगलां कुणी आणली? दुसरा फक्त मला, शिडीवर चढलेल्या थोरल्या काकांकडून: "काय गो, तुमच्या त्या सायकॉलॉजीत यंदा काय केलंत?"

प्रश्न खोचक नसतो. काकांचे दोन मुलगे इंजिनिअर, एक सून दंतवैद्य. त्यांनी वर्षभरात काय केलं ते काकांना दिसतं. माझं दिसत नाही. मी विद्यापीठाच्या वर्गात मानसशास्त्र शिकवते, एवढंच त्यांना ठाऊक. हाच प्रश्न जूनमध्ये प्रवेशाला आलेले पालक विचारतात, बसमध्ये शेजारीण विचारते आणि वर्षाअखेरीस आमचं कार्यालयही विचारतं. मी दर वेळी "बरंच काही चालतं" म्हणून वेळ मारून नेते. आता विभागात वर्षभर काय चालतं ते तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून लिहून काढते. बोलण्यातली कोकणी मध्येच डोकावेल. घरी बोलायचं कोकणीत आणि लिहायचं मराठीत, ही आमच्याकडची जुनीच खोड.

कार्यालयाला उत्तर देणं त्यातल्या त्यात सोपं. त्यांचा तक्ता तयार असतो. शोधनिबंध किती, परिषदा किती, कार्यशाळा किती, लाभार्थी किती, बक्षिसं कोणती. सोबत फोटो, आणि फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत. यंदाही तो भरला. सहकाऱ्यांनी निबंध वाचले, मुलांना पोस्टर स्पर्धेत बक्षीस मिळालं, एक मुलगी प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास झाली. सगळं खरं, सगळं कौतुकाचं. पण काकांना हे सांगितलं की ते "हां" म्हणतात आणि सुतळी मागतात. मला त्यांचं पटतं. त्या तक्त्यात आमचं वर्ष मलाही सापडत नाही.

मला वर्ष आठवतं ते तोरांपासून.

स्मरणशक्तीचं एक जुनं प्रात्यक्षिक आहे. हर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं 1885 साली स्मरणावरचा आपला अभ्यास छापला. प्रयोग त्यानं स्वतःवरच केले होते. अर्थ असलेला शब्द आधीच्या ओळखीमुळे लक्षात राहतो, मग निव्वळ स्मरण मोजायचं कसं? म्हणून त्यानं बिनअर्थाची अक्षरं रचली आणि त्यांच्या याद्या पाठ करत बसला. किती वेळात किती विसरतो, ते मोजत राहिला. आमच्याकडेही मुलं अशा याद्या एकमेकांना वाचून दाखवतात. आमची देवनागरी यादी कुणीतरी पूर्वी घाटावरून आणलेली, तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात एक अक्षर होतं: तोर.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गानं तीच यादी घेतली, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर बाकी काही असो नसो, तोर होतंच. आकडे बघून मुलं चक्रावली. यादीत मधोमध आलेलं अक्षर सर्वांत कमी आठवायला हवं, पुस्तक तसंच सांगतं. हे तर बरोब्बर मधलं होतं. शेवटी मागच्या बाकावरची सत्तरी तालुक्यातली एक मुलगी हसायला लागली. "मॅडम, तोर म्हणजे कैरी ना! मीठ लावून खातात ती." ज्याला तोर आठवलं नव्हतं, तो एकटा वास्कोचा मुलगा. वडील नौदलात, घरची भाषा हिंदी. त्याच्या दृष्टीनं ते अक्षर एबिंगहाऊसला हवं होतं तितकंच कोरं होतं.

त्यानंतर तीन आठवडे वर्गानं स्वतःची यादी रचली. प्रत्येक अक्षर आधी आज्यांकडे पाठवलं गेलं. 'पेर' गळालं, 'मोग' गळालं. एकीच्या पणजीनं तर साफ निरर्थक वाटणाऱ्या एका अक्षराला पोर्तुगीज अर्थ काढून दाखवला. निम्म्याहून जास्त अक्षरं बाद झाली. जी यादी उरली ती आता आमच्या कपाटात आहे. तिच्यावर ना निबंध झाला, ना तिला बक्षीस मिळालं. गेल्या काही वर्षांतलं विभागाचं सर्वांत चोख काम कोणतं, असं मला विचाराल तर मी त्या दोन पानांकडे बोट दाखवीन.

पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना पणजी शहरात नेतो, जुन्या सचिवालयाशेजारच्या, संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. 1945 साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. दोन्ही हात पसरून उभा पाद्री आणि त्याच्यासमोर कोसळत असलेली बाई. पर्यटक फोटो काढतात आणि "हा तिला मारतोय का?" विचारतात. आमच्या मुलांनाही हा कांदोळीत 1756 साली जन्मला हे बहुधा ठाऊक नसतं. ठाऊक असते ती गोष्ट. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला, घाबरून वाचाच बसली, आणि बापानं हळूच कोकणीत म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." गोष्ट खरी की रचलेली, ते बाजूला ठेवू. एका वाक्यानं माणसाचा गळा मोकळा होतो, हे गोंयकारानं गोष्टीत तरी बांधून ठेवलंय.

फारियाचं खरं म्हणणं मुलांना तिथेच उन्हात सांगावं लागतं. त्या काळी संमोहनाचं श्रेय प्रयोग करणाऱ्याच्या हातातल्या कसल्याशा चुंबकी प्रवाहाला देत. हा म्हणाला, माझ्या हातात काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. पॅरिसात त्याची टिंगल करणारं नाटक लागलं. 1819 साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी तो गेला. समुपदेशन शिकायला आलेल्या मुलानं पहिल्या आठवड्यात एवढं ऐकलं तरी पुरे. आपण कुणाला बरं करून सोडणार, ही मिजास तिथेच थोडी उतरते.

पालकांना मात्र फारियात रस नसतो. "झाल्यावर डॉक्टर म्हणतात का?" नाही म्हणत. एम.ए. केलं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालं असंही नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. "बांबोळीला नेता काय त्यांना, त्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात?" नेतो. आणि परत आलेली मुलं दोन दिवस घरी काय बोलत नाहीत ते बघा, एवढंच मी सांगते.

आता मुद्द्याचं. आमच्याकडच्या प्रबंधांत दरवर्षी एखादा तरी नैराश्यावर असतो, आणि मग ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली बाहेर निघते, पीएचक्यू-9. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. जगभर वापरतात. एका विद्यार्थिनीला ती पेडण्याकडच्या वयस्क बायकांना विचारायची होती. भाषांतराची शिस्त अशी की एकानं मराठी किंवा कोकणी करायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजी करायचं, आणि मग दोन्ही इंग्रज्या शेजारी ठेवायच्या. कागदावर सगळं जुळलं. गावात जाऊन पहिल्याच घरी अडलं.

सातवा प्रश्न म्हणतो, पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही असं होतं का? आजी म्हणाली, "पेपर मी कधी वाचला? टीव्ही नातवाचा." मग जरा थांबून स्वतःहूनच म्हणाली, "पण आरतीत ओळ चुकते हल्ली. साठ वर्षं म्हणते ती आरती." विद्यार्थिनीनं ते समासात टिपून घेतलं. उदास वाटतं का, या प्रश्नाला सगळ्या जणी नाही म्हणाल्या. तकली फोडते म्हणजे डोकं दुखतं, हातपाय गळतात, टेन्शन येतं, जीव लागत नाही, या सगळ्याला हो म्हणाल्या. उदास हा शब्द त्यांच्या लेखी नाटकातल्या नायिकेचा. संध्याकाळी चूल पेटवायला न उठणाऱ्या बाईचा नाही.

हे काही आमचं संशोधन नव्हे. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत अंगदुखी आणि थकवा घेऊन येणाऱ्या बायकांमागे मनाचं दुखणं असतं, यावर इथे आधीच बरंच काम झालंय. 1996 साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली 'संगाथ' ही संस्था इथलीच. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. तीव्र नैराश्यावरची त्यांची चाचणी 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. दहा केंद्रं, 495 रुग्ण, सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत 64 टक्के सावरले, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत 39. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की हमखास एक हात वर होतो: "मग आमच्या एम.ए.चा उपयोग काय?" याच्याइतका चांगला प्रश्न दुसरा नाही. कुणीतरी त्या माणसांना शिकवायला हवं, त्यांच्यावर देखरेख ठेवायला हवी, सातवा प्रश्न आरतीचा करायला हवा. हे उत्तर मी देते. मुलांना ते अर्धंच पटतं, आणि मलाही काही दिवशी अर्धंच पटतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारायचा असेल तर हो आलं की पुढे काय करायचं, ते आधी ठरलेलं हवं. आमच्या नीतिमत्ता समितीनं त्या मुलीचा प्रबंध तेवढ्यासाठी दोन महिने अडवला. ती रडकुंडीला आली. मग तिनं जवळच्या केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून लेखी व्यवस्था केली, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकाचं कार्ड मराठीत छापून घेतलं आणि मगच गावात गेली. कार्ड द्यायची वेळ आली का, आली तर कितीदा, ते मी सांगणार नाही. आमच्या कामातलं जे खरंच सांगण्यासारखं असतं, ते दाराच्या आतच राहायला हवं. काकांना "बरंच काही चालतं" असं मोघम सांगते, त्यामागे हेही एक कारण.

प्रबंधांचंच आणखी एक. एका मुलीनं मोबाइल आणि झोप यांचा संबंध शोधला. वर्षभर राबून आकडे मांडले, तर संबंधच निघेना. ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, काहीच आलं नाही." तिला वाटलं नापास झाली. 2015 साली मानसशास्त्रातले शंभर छापील प्रयोग पुन्हा करून बघितले गेले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत आधीसारखा ठोस निकाल मिळाला. ज्या शास्त्राची अशी गत, तिथे "नाही आलं" असं सरळ लिहिणारी मुलगी म्हणजे काय, ते तिला समजावता समजावता मला जास्त समजलं. त्या दिवशी कॅन्टीनमधून पातळभाजी आणि पाव मागवले. तक्त्यात मात्र 'आढळले नाही' असा रकाना नाही.

आणि फेरी, म्हणजे आमच्याकडची फेरीबोट. मानसिक आरोग्य दिनाला, 10 ऑक्टोबरला, मुलं मांडवीतल्या दिवाडी बेटावर पथनाट्य घेऊन गेली. देवळासमोर सादर केलं. टाळ्या पडल्या, पंचानं नारळ दिला. "कुणाला काही विचारायचं आहे?" कुणालाही नव्हतं. मुलं हिरमुसून रायबंदरच्या फेरीत चढली. फेरी सुटली आणि मघाशी मागे हात बांधून उभा असलेला एक गृहस्थ शेजारच्या मुलाला म्हणाला, "ते नाटकात होतं ना, पिणाऱ्याचं. तो माझा भाऊ समज." दुसऱ्या कठड्यापाशी एक बाई एका मुलीशी मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं, सगळे पाण्याकडे बघत होते. रायबंदर आलं, तरी तो गृहस्थ उतरला नाही. तसाच त्याच फेरीनं परत गेला आणि आमचा मुलगाही त्याच्यासोबत गेला.

तेव्हापासून मुलं महिन्यातून एक संध्याकाळ फेरीत जातात. नाटक नाही, फलक नाही. दोघंदोघं जण नुसते उभे राहतात, कुणी बोललं तर ऐकतात आणि गरज पडली तर कार्ड देतात. काही संध्याकाळी कुणीच बोलत नाही, मग ती मांडवीवरचा वारा खाऊन येतात. जरा जास्त बोलणाऱ्या एकाला आम्ही यातून काढलं, हेही सांगून टाकते. ऐकणं त्याला जमेना.

हा उपक्रम यंदा मी हट्टानं तक्त्यात घातला. कार्यालयातल्या बाई भल्या आहेत. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, लाभार्थी किती लिहू?"

मोजले नाहीत, मी म्हटलं.

"फोटो?"

काढत नाही.

"मग काहीतरी पुरावा जोडा. फेरीचं तिकीट तरी."

पण पायी चढणाऱ्याला आमच्या फेरीत तिकीट नसतं.