मखमल नवी का लावली नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लातूरच्या माझ्या बाइंडिंगच्या दुकानात ज्यांनी ती पदकाची डबी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: डबी दुरुस्त करायला दीड महिना खपलात, मग आतली मखमल नवी का लावली नाही? विटलेली आहे, मधोमध दबलेली आहे, एका कोपऱ्यात गंजाचा डाग आहे.

डबी एका आजींची. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीजवळचं. त्यांचे आजोबा रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, जमादार (कनिष्ठ हिंदी अधिकारी) होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले आणि मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक घेऊन परतले. आपल्या भागातून रिसाल्यात जाण्याची वाट जुनी आहे. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. १९०३ मध्ये ती फौज हिंदी सैन्यात मिसळली. तिच्यातूनच आलेल्या डेक्कन हॉर्स या घोडदळाच्या पलटणीने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या रानापाशी, भाले घेऊन घोडे घातले होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं झोपली होती. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीने जड झालेलं माळवद, सगळं खाली आलं. आजींच्या घरातली माणसं गेली, कागद गेले. डबी काही दिवसांनी ढिगाऱ्यातून निघाली. झाकण दुभंगलेलं, झाकण आणि डबी जोडणारा सांधा फाटलेला, मखमलीत पांढरी माती. क्रॉस मात्र आत होता.

आता मखमलीकडे येतो. मिलिटरी क्रॉस २८ डिसेंबर १९१४ रोजी सुरू झाला. चांदीचा असतो, आणि त्या काळच्या क्रॉसची मागची बाजू सपाट, कोरी आहे. पुढे १९३८ पासून खालच्या बाहीवर साल कोरू लागले, नाव त्याच्याही कितीतरी नंतर. युद्धात सगळ्यांना मिळालेल्या साध्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण असायची. शौर्याच्या या पदकावर काहीच नाही. कागद ढिगाऱ्यात गेल्यावर हा क्रॉस याच घरातला, हे सांगायला काय उरलं? मखमलीवर उमटलेला त्याचा ठसा. क्रॉस वर्षानुवर्षं एकाच बाजूने ठेवला गेला, म्हणून पदकाच्या रिबिनीमागच्या पिनेने एकाच जागी ओरखडा पाडला आणि तिथेच गंज उतरला. तुम्हाला जो डाग दिसतो तो हाच. क्रॉस ठेवून पाहिला तर पिन बरोबर त्या डागावर बसते.

खरं सांगायचं तर मीही नवी मखमल आणली होती. आजींना दाखवली. त्यांनी डबीत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे उमटल्यालं तसंच ऱ्हाऊ दे बाबा. बाकी तुला काय करायचं ते कर.” आणलेल्या मखमलीचा तुकडा मी चांदीच्या पत्र्यासोबत काचेच्या बरणीत बंद करून ठेवला. तीन आठवड्यांत पत्रा काळवंडला. कापडातल्या रंगातून, लोकरीच्या बनातीतून, रबरातून गंधकाचा वायू सुटतो आणि बंद डबीत तो चांदीवरच बसतो. संग्रहालयांत हीच परीक्षा काटेकोरपणे करतात: चांदी, तांबं आणि शिसं यांचे तुकडे, ६० अंश उष्णता, भरपूर दमटपणा, २८ दिवस. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ मध्ये बसवून दिली. माझी बरणी म्हणजे तिचं घरगुती रूप.

मखमलीला वाफ दिली नाही. वाफेने लव उभी राहते, डबी देखणी दिसते आणि ठसा पुसला जातो. सुटी माती मात्र काढली, कारण मातीचे कण लव कापतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. व्हॅक्यूमच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून, मऊ ब्रशने, थोडी थोडी. ती चिमूटभर माती कागदाच्या पुडीत बांधून आजींना दिली. त्यांच्या घराची होती, टाकायचा अधिकार माझा नव्हता.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो जुन्या दुरुस्तीने. कोणीतरी फाटलेला सांधा लाकूड चिकटवायच्या पांढऱ्या डिंकाने चिकटवला होता. तो वाळून काचेसारखा झाला होता, आणि ओढला की त्याच्यासोबत मूळ आवरण निघत होतं. ॲसिटोनने डिंक सुटला असता, पण रेक्झिनसारखं ते आवरणही विरघळलं असतं. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टीपकागद ठेवायचा, डिंक मऊ होऊ द्यायचा आणि बारीक पात्याने नखाएवढा खरवडायचा. बारा दिवस हेच चाललं. म्हणून हात जोडून सांगतो, घरातली जुनी वस्तू मोडली तर तुकडे रुमालात बांधून ठेवा, पण चिकटवू नका.

नवा सांधा जपानी तुतीच्या कागदाचा केला, आवरणाच्या रंगात रंगवून. खळ मैद्याची, ताजी. माझे वडील खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. चोपड्यांना ते चाललं. इथे घातलं नाही. मोरचुदाने कागद हळूहळू खराब होतो, आणि चांदीशेजारी तर ते नकोच. झाकणाची फळी सरसाने जोडली, कारण मूळ कारागिराने सरसच वापरला होता आणि उद्या कोणाला माझं काम उकलायचं झालं तर कोमट पाण्याने उकलेल.

क्रॉस घासला नाही. आता तो वेगळ्या पाकिटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत असतो. अनंत चतुर्दशीला आजी तो डबीत ठेवतात आणि दिव्याजवळ मांडतात.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, झाकण एका कोपऱ्याला नीट का बसत नाही. तिथे ज्वारीचा दाणा सरकेल एवढी फट आहे. फळी दबली तेव्हाच पिळली गेली होती. दाबाखाली ताणून ती सरळ दिसली असती, पण मे महिन्यात आपल्याकडचं कोरडं ऊन लागलं की दुसऱ्या बाजूने तडकली असती. म्हणून फट ठेवली आणि झाकणाला सुती फीत दिली. आजी तिची सुरगाठ मारतात.