निशाणी नांगर

मोडी वाचायचं काम करते, बारा वर्षं झाली. लोक येतात ते बहुतेक जमिनीचे कागद घेऊन, पण मागच्या महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याकडचे एक काका अख्खी ट्रंकच घेऊन आले. खापरपणजोबांचं गावात वाणसामानाचं दुकान होतं, आता वाडा पाडायचाय, तर जागेचा काही कागद निघतो का बघा ताई, म्हणाले.

ट्रंकेत दुकानाची खतावणी होती. लाल कापडाची लांबट वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे उधारी. एका कुणब्याचं खातं उघडलं आणि मी मोठ्यानं वाचत गेले, मीठ २ शेर, गूळ, तंबाखू, पेरणीला बाजरी, लेकीच्या लग्नाला लुगडं, आणि जमेला वर्षातून एकदाच, खळ्यावर मोजून घेतलेली ज्वारी. रोकड कुठेच नाही. शके १७८६, म्हणजे १८६४ साली बाकी निघाली २५ रुपये.

पानात घडी घातलेली तीन खतं, म्हणजे कर्जरोखे, होती. पहिलं त्याच २५ रुपयांचं, व्याज दरमहा शेकडा २. तीन वर्षांनी दुसरं, ४३ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी तिसरं, ७३ रुपये १५ आणे ४ पै. मधे वाण्यानं एक पैसाही नवा दिलेला नाही! १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खतावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर ते बुडायचं, म्हणून वाणी मुदत संपायच्या आत व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घ्यायचे, आणि मग व्याजावर व्याज. कायदा आणला होता कर्जदार कुळाच्या भल्यासाठी, हे वाचताना मला दर वेळी त्रास होतो.

तिन्ही खतांखाली सहीच्या जागी बोरूनं काढलेला छोटा नांगर, शेजारी लिहिलंय ‘निशाणी नांगर’. पहिला नांगर नीट आहे, तिसऱ्याच्या रेघा थरथरलेल्या. त्या चित्रावर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले होते.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले ते याच कागदांसाठी, खतं आणि वह्या काढून जाळल्या. कितीतरी गावांत सावकारानं कागद हवाली केले तर त्याला हातसुद्धा लावला नाही. या वहीत शके १७९७ च्या वैशाखापासून पुढची पानं कोरी आहेत. ही जाळपोळीतून कशी वाचली कोण जाणे. चार वर्षांनी, १८७९ ला, डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा, आला आणि कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशोब तपासायचा अधिकार मिळाला, पण या माणसाची जमीन त्याआधीच गहाण पडलेली.

काकांनी नाव परत वाचायला लावलं. मग म्हणाले, हे घर आमच्या बांधालाच आहे, आणि ते शेत आमच्याकडे.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. जागेच्या कागदाचं तर विचारलंच नाही. जाताना म्हणाले, ताई, एवढ्या खात्याचं आणि तिन्ही खतांचं बाळबोधीत, आपल्या नेहमीच्या देवनागरीत, करून द्या, दोन प्रती, एक माझी आणि एक त्यांच्या घरी मी स्वतः नेऊन देईन.

मी नांगरांचे फोटोही जोडलेत, दोन्ही प्रतींना.