ताट फिरवायचं कोणी?

बुधवार, रात्री पावणेबारा

सकाळी दात घासता घासता फोन बघितला, तर कोणीतरी तीन डॉलर टाकलेले. गेम फुकट आहे. इच.आयओ या छोट्या गेमवाल्यांच्या साइटवर किमान किंमत शून्य ठेवली आहे, तरी टाकले. निरोप नाही, काही नाही. दीड वर्षाच्या जागरणांची ही पहिली कमाई, आणि तीही न मागता आलेली. (मागायचं धाडसच झालं नव्हतं, हे जास्त खरं.)

गेम म्हणजे साधं कोडं. निफाडकडून निघालेला टेम्पो, त्याच्या हौद्यात द्राक्षांच्या पेट्या रचायच्या. खालची पेटी चेपली की घड फुटून रस गळायला लागतो. तो गळण्याचा आवाज मिळवायला मी ओल्या फडक्यात टोमॅटो घालून दाबत बसायचो. आई दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होती.

आता तीन डॉलरमधले हातात किती पडणार? इचवर साइटचा वाटा आपणच ठरवायचा असतो. साइटने आधीपासून लावलेले दहा टक्के मी तसेच राहू दिले. स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात तीस टक्के जातात, शिवाय गेम चढवायलाच आधी शंभर डॉलर भरा. मग पैसे पोचवणाऱ्यांचं कमिशन. त्यात टक्क्यांवर पुन्हा ठरलेले काही सेंट असतात, म्हणून रक्कम जितकी लहान तितकं ते जास्त चावतं. कौतुकाने एक डॉलर देणाऱ्याच्या पैशालाही माझ्या पेटीसारखी वाटेतच गळती.

गेल्या महिन्यात खातं जोडताना वेगळीच गंमत. परदेशातून येणाऱ्या पैशाला पर्पज कोड लागतो. पैसे कशाचे ते सांगा. विकले म्हणावं तर किंमत शून्य. भेट म्हणावी तर देणारा माझा कोण? शेवटी सॉफ्टवेअर निवडलं आणि उगाच खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.

संध्याकाळी आईला आणायला पंचवटीत गेलो. कार्तिकातलं कीर्तन, आरती सुरू झालेली. सदरा-टोपीतले एक काका ताट घेऊन फिरत होते. निरांजन, कुंकवात बरबटलेली नाणी, दहा-वीसच्या नोटा. कोणाचा हात खिशाशी घुटमळला की काका तिथे क्षणभर जास्त थांबायचे, बोलायचे काही नाही. आईने पन्नासची नोट टाकली आणि त्याच ताटातून वीस-दहा सुटे उचलून घेतले. कोणाला काही वाटलं नाही. बुवा तिकडे आपले झांजा वाजवण्यात दंग.

स्कूटरवर मी विचारलं, "बुवांना लाज नाही का गं वाटत, लोकांकडून असे पैसे घ्यायला?"

"बुवा कुठे मागतात? ताट दुसऱ्याच्या हातात असतं."

"आणि आधीच फिरवलं तर?"

"कीर्तन ऐकायच्या आधी कोण टाकेल रे?"

आधी ताट फिरवणं म्हणजे किकस्टार्टर, वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करायची साइट, हे तिला सांगत बसलो नाही. पुण्याच्या 'राजी' गेमवाल्यांनी फिरवून बघितलं होतं. ठरलेला आकडा गाठला गेला नाही, आणि तिथे आकडा गाठला नाही तर काहीच हातात पडत नाही. गेम तरीही 2020 मध्ये आला, पण वेगळ्या वाटेने.

मी मनात धरून बसलो होतो ते ॲडम्स बंधूंना, टार्न आणि झॅक. त्यांचा गेम 'ड्वार्फ फोर्ट्रेस' 2006 पासून फुकट, पडद्यावर चित्रंसुद्धा नाहीत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. पैसे पाठवणाऱ्याला हे दोघे रंगीत खडूंनी काढलेलं चित्र नाहीतर एखादी गोष्ट पाठवायचे. महिन्याला किती आले ते उघड सांगायचे. पुढे चाहत्यांकडून दरमहा पैसे घ्यायची साइट, पॅट्रिऑन, तीही घेतली. चाहत्यांच्या जिवावर कसे तगले म्हणून ही गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगत आलोय. पण झॅकच्या आजारपणानंतर दवाखान्याच्या खर्चाची धास्ती बसली, आणि डिसेंबर 2022 मध्ये चित्रं घालून तोच गेम स्टीमवर विकायला आला, तीस डॉलरला. जुना अजूनही फुकट मिळतो. ताटावर वरणभात निघाला, दवाखाना निघाला असता की नाही याची खात्री नव्हती. शिवाय स्टीमवर नेताना किटफॉक्स नावाची प्रकाशक कंपनी सोबत होती, म्हणजे तिथेही ताट दुसऱ्याच्या हातात. हे आज लक्षात आलं, तेही स्पीडब्रेकरवर आई ओरडली तेव्हा.

नोकरी सोडायचा विचार म्हणून तूर्त बंद. महिन्याला पाच-सहा माणसांनी दिलं तरी इंटरनेटचं बिल सुटेल. तेवढ्याला ताट पुरे.

घरी आल्यावर पैशाच्या बटणावर दोन ओळी लिहायला बसलो. 'आवडल्यास स्वेच्छेने' लिहिलं, मंडळाच्या पावतीसारखं वाटलं, खोडलं. 'मदत करा' तर अजिबातच नको. शेवटी कॉलेज रोडच्या मित्राला फोन केला. सगळ्या लेव्हल आधी त्यानेच खेळून शिव्या घातल्या आहेत. म्हटलं, माझ्या वतीने तूच लिही.

दहा मिनिटांनी मेसेज आला, "हा रात्री जागतो. चहाचे द्या."

तसंच टाकलं.