नुसते फोन करून काय झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "कोविडात म्हाताऱ्यांना नुसते फोनच केलेत ना? त्यात कसलं समाजकार्य?" लग्नात, एसटीत, बैठकीत, कुठेही हे ऐकावं लागतं.

खान्देशातल्या आजीला "कशा आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं शे." अंगात ताप असो की पोटात अन्न नसो. म्हणून तो प्रश्न विचारायचाच नाही. रात्री काय खाल्लं, बीपीच्या गोळ्या किती उरल्या, सकाळी घरी कोण आलं होतं, हे विचारायचं. भान आहे का ते बघायला आज वार कोणता, हे विचारून उपयोग नव्हता. आठवडे बाजार बंद, मग वार कशावरून कळणार? उतारवयात आजारपणातही ताप पुष्कळदा येतच नाही. माणूस असंबद्ध बोलतो, पडतो, जेवण टाकतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर थंड किंवा मेंदी लावलेल्या बोटावर फसवतो. आधी पाच मिनिटं बसवायचं, आकडा स्थिरावू द्यायचा, मग खोलीतच सहा मिनिटं चालवायचं. साठीपुढच्यांना तीनच. चालल्यावर आकडा तीनपेक्षा जास्त घसरला किंवा 94 च्या खाली गेला, की रुग्णालयात न्यायला गाडी बोलवायची.

आणि दाखल केल्यावर? जून 2020 मध्ये जळगावात कोविडसाठी दाखल असलेली 82 वर्षांची बाई बेपत्ता झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींचं निलंबन झालं. पण निलंबनाने माझा प्रश्न सुटत नाही. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. जिच्याजवळ बसायला कुणी नाही, ती खाटेवर नाही हे कुणाच्या लक्षात येणार? म्हणून वॉर्ड आणि खाटेचा नंबर, दोन नातेवाइकांचे फोन आणि चालू औषधं चिठ्ठीवर लिहून सोबत द्यायची. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, चार्जर पिशवीत. रोज ठरल्या वेळी फोन करायचा, आणि "पेशंट ठीक आहे" एवढ्यावर ठेवायचा नाही. तिचा आवाज ऐकायचा. बोलता येत नसेल तर सिस्टरना खाटेपाशी जाऊन बघायला लावायचं. सिस्टर चिडतात. त्यांच्यावर केवढा भार होता हे मला माहीत आहे, तरी चिडू द्यायचं.

फोनने सगळं झालं असं मी म्हणत नाही. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. फोन सुनेच्या हातात असेल तर आजी उपाशी असल्याचं तिच्यासमोर सांगणार नाही. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर रेंजच नव्हती. तिथे आशाताई चालत गेल्या. एप्रिल 2020 मध्ये "कुणीही म्हाताऱ्यांच्या दारात जाऊ नका" असं मीच ठासून सांगत होते. लस नव्हती, साठीपुढच्यांना ती 1 मार्च 2021 पासून मिळू लागली. तेव्हाचं ते म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. पण महिनोन्महिने दारात माणूस न दिसल्याने जे खचले, त्यांना हा हिशेब कसा पटवायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.